मे महिना, मचूळ विहीर आणि शेजारचा सेप्टिक टँक : किनाऱ्यावरच्या गावांचं सरकार नक्की करतंय काय?

पुळणकर | १४ मे, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी, खूप दिवसांनी धागा काढतोय, लांबलाय, आधीच सांगून ठेवतो.

गाव दापोली तालुक्यातलं, समुद्राला लागून. नाव मुद्दाम देत नाही कारण ग्रामपंचायतीत सगळे आपलेच आहेत आणि गणपतीला परत तोंड दाखवायचंय. गेल्या आठवड्यात घरी होतो. मागच्या वाडीत पणजोबांनी बांधलेली चिऱ्याची विहीर आहे, बावीस-तेवीस फूट असेल. लहानपणी मे संपेपर्यंत कधी तळ बघितला नाही आणि पाणी असं की आई चहाला दुसरं पाणी घ्यायची नाही. आता एप्रिल अर्धा सरला की मचूळ व्हायला लागतं, मे मध्ये तर डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि पितळी कळशीला आतून पांढरा थर धरतो.

बरं हे खारेपण एक झालं. यावेळी जलसुरक्षक म्हणून जो पोरगा आहे तो तपासणीची ती छोटी बाटली घेऊन आला, आमच्याच विहिरीचं पाणी घातलं आणि ओटीवर ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर बाटली काळी ठिक्कर. म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेल, पाण्यात मैला आहे. तो पोरगा एवढंच म्हणाला, काका तुमची एकट्याची नाय, या आळीतल्या सगळ्यांच्या काळ्या झाल्यात.

आता गंमत बघा. त्याच आठवड्यात गावात टँकर सुरू झाला, म्हणजे एका कागदावर आमचं गाव टंचाईग्रस्त. दुसऱ्या कागदावर गाव हागणदारीमुक्त अधिक, कमानीवर बोर्ड आहे. तिसऱ्या कागदावर घरोघरी नळ, नळ खरंच आहे, निळा पाईप आणि पितळी तोटी, तोटीला आमच्या आईने कपडे वाळत घालायची दोरी बांधलीय. तिन्ही कागद खरे आणि तिन्ही एकत्र कुणी वाचत नाही.

प्रश्न असा, किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी सांगा, तुमच्याकडे पाणीटंचाई आणि सांडपाणी या दोन्हीकडे एकत्र बघणारा एक तरी अधिकारी भेटला का कधी? आणि साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या ठिकाणी टँकर हे बोलायलाच लाज वाटते, पण ते आहे.

ठाणेकर_७ | १४ मे, रात्री ११.०५

पाऊस एवढा आणि टँकर कसा हे मला खरंच कधी कळलं नाही. धरणं बांधा की.

कातळवाटा | १४ मे, रात्री ११.३२

@ठाणेकर, धरणं बांधा म्हणणं सोपं आहे हो. आमचा कातळ म्हणजे जांभा, स्पंजासारखा. पाऊस पडतो तो त्यातून झिरपतो, डोंगराच्या पायथ्याला झऱ्यांतून बाहेर येतो आणि पऱ्याने सरळ समुद्रात. डोंगरमाथा ते समुद्र अंतरच किती! दिवाळीला पऱ्या खळखळत असतो, शिमग्याला त्यात गोट्या खेळता येतात. म्हणून तर डिसेंबरात सिमेंटच्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारे घालतात, ते चांगले आहेत, श्रमदान होतं, फोटो होतो, पण ते गुरांना आणि भाजीच्या मळ्याला महिना दीड महिना पुढे रेटतात, मे पर्यंत पोचत नाहीत.

आणि मोठ्या पाण्याचं म्हणाल तर कोयनेचं ६७.५ टीएमसी पाणी वीज झाल्यावर वाशिष्ठीतून दरवर्षी खाडीला जातं. ते मुंबईला न्यायची चर्चा मी शाळेत असल्यापासून ऐकतोय, वाटेतल्या धनगरवाडीला न्यायची चर्चा मात्र ऐकली नाही.

खारेपाटची_लेक | १५ मे, सकाळी ७.१५

माहेर पेणच्या खारेपाटातलं. आमच्याकडे तर विहीर खारी होते हा प्रश्नच नाही कारण गोडी विहीर मुळात नाहीच. खाजणात गावं, बांधाच्या आत भात आणि बांधाच्या बाहेर खाडी. आई लोकं डवरे खणायच्या आणि वाटीने पाणी भरायच्या, एक हंडा भरायला किती वेळ लागायचा ते विचारू नका, मी तिथेच बसून पाढे पाठ केलेत. आणि हेटवणे धरण कुठे आहे? पेण तालुक्यातच. त्याचं पाणी पाईपातून नवी मुंबईच्या वसाहतींना जातं आणि तो पाईप बघत आमच्या बायका लग्न होऊन आल्या, सासवा झाल्या. खारेपाटाच्या योजनेचे नारळ किती फुटले मोजायचे सोडून दिले.

माहेरी लग्न असेल तर तारखेआधी टँकर ठरवतात, मग हॉल.

होमस्टेवाला_अण्णा | १५ मे, सकाळी ९.४८

पुळणकर, तुम्ही नाव घेतलं नाही पण रोख कळला. आम्ही सहा खोल्या बांधल्या, कर्ज काढून. निसर्ग वादळात ३ जून २०२० ला आमची दीडशे पोफळी आडवी झाली, माड गेले ते वेगळेच. पोफळ परत लागायला सहा-सात वर्षं. तोपर्यंत खायचं काय? सरकारच म्हणालं पर्यटन करा, न्याहारी-निवास करा. केलं. आता विहिरी खराब झाल्या तर आम्ही वाईट. सेप्टिक टँक मी व्यवस्थित बांधलाय, तीन कप्प्यांचा, गवंडी पुण्याचा होता.

पुळणकर | १५ मे, सकाळी १०.१०

अण्णा रोख तुमच्यावर नाही हो, तुम्ही कोण मला माहीत पण नाही. पण विचारतो, राग मानू नका, तीन कप्पे झाले, तिसऱ्यातून पाणी पुढे जातं कुठे?

होमस्टेवाला_अण्णा | १५ मे, सकाळी १०.२२

शोषखड्ड्यात. पुळणीची जमीन आहे, मस्त जिरतं. आजवर एकदाही तुंबलं नाही.

निवृत्त_शाखाअभियंता | १५ मे, दुपारी ३.३०

अण्णा, तुंबलं नाही हीच तर अडचण आहे.

पाणीपुरवठ्यात तीस वर्षं काढली, बहुतेक किनारपट्टीत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा. रेतीत पाणी झटकन जिरतं म्हणजे ते गाळलं जात नाही, नुसतं खाली जातं. आणि खाली काय आहे? तीच पाण्याची पातळी जी शेजारच्या विहिरीत दिसते. पावसाळ्यात किनाऱ्यालगत हात-दोन हातावर पाणी लागतं, तेव्हा शोषखड्ड्याचा तळ सरळ पाण्यात बुडालेला असतो. मानकात विहिरीपासून शोषखड्डा १८ मीटर लांब ठेवा असं आहे, पण दोन गुंठ्यांत घर, विहीर, संडास, तुळस आणि आता पार्किंग, १८ मीटर आणायचे कुठून? वरच्या बाजूला खड्डा आणि खालच्या बाजूला विहीर असेल तर मोजपट्टी काढूच नका.

दोन खड्ड्यांचा संडास, ज्याला १२,००० अनुदान मिळतं, तो घाटावर काळ्या-मुरमाड जमिनीत उत्तम योजना आहे. एक खड्डा भरला की दुसरा चालू, पहिल्याचं सोनखत. पण तेच चित्र, तोच नकाशा, तेच मोजमाप खाजणात आणि पुळणीत पण मंजूर होतं. मी एकदा वर विचारलं होतं, इथे पाणी दोन फुटावर आहे हो, तर उत्तर आलं की उद्दिष्ट मार्चअखेर पूर्ण करा. केलं.

आता खारेपण. किनाऱ्याखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, तेलासारखं म्हणा. हिशोब ढोबळ असा की समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी उभं असेल तर खाली चाळीस फुटांपर्यंत गोडं पाणी मिळतं. म्हणजे उपसा करून वरची पातळी एक फुटाने उतरवली की खालचं खारं चाळीस फूट वर सरकायला मोकळं. रहाटाने हे कधी झालं नाही कारण रहाट ओढणारा दमायचा. मोटर दमत नाही. दीड हॉर्सपॉवरची मोटर तासात विहीर तळाला नेते आणि मधोमध खालून खारं पाणी शंकूसारखं वर चढतं. बोअर मारली तर अजून लवकर, कारण तुम्ही खाऱ्याच्याच थरात नळी घातलीत.

म्हणून दोन्ही आजार एकाच विहिरीत दिसतात, एक खालून येतो एक बाजूने.

मालवणी_माणूस | १५ मे, दुपारी ४.०२

आमच्या शहरात भुयारी गटार करूक घेतल्यानी. रस्ते फोडल्यानी, पायपो घातल्यानी, चेंबरां बांधल्यानी. मगे काय झाला देव जाणे. पायपो खाली आसत, पाणी वरसून व्हाळीक जाता आणि व्हाळी दर्यात. पर्यटक ईचारता, काका ह्यो वास म्हावऱ्याचो काय? आमी सांगतो होय.

ठाणेकर_७ | १५ मे, दुपारी ४.१०

😂😂 मागच्या वर्षी मी हाच प्रश्न विचारला होता कुणाला तरी

सुपारीचं_फूल | १५ मे, संध्याकाळी ६.५५

शाखाअभियंता काकांचं वाचून एक आठवलं. २०२० च्या मे मध्ये लॉकडाऊन होता, एकही पर्यटक नाही, आणि त्यावर्षी आमची विहीर मचूळ झाली नव्हती. सासूबाई म्हणाल्या देव पावला. आत्ता कळतंय काय झालं होतं.

कातळवाटा | १५ मे, संध्याकाळी ७.२०

पण त्या मे मध्ये चाकरमानी सगळे गावी होते की! आमच्या वाडीत शाळेत विलगीकरण, घरात माणसं मावत नव्हती. माणसं कमी नव्हती, जास्तच होती. तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका.

सुपारीचं_फूल | १५ मे, संध्याकाळी ७.४१

हो ना, होते, आमच्याकडेच अकरा जण होते. पण ती बादलीने अंघोळ करणारी माणसं. खोलीत शॉवर, दिवसाला दोन वेळा अंघोळ, समुद्रावरून आलं की परत रेती धुवायला, चादरी रोज धुवायच्या, वर गाड्या धुतात! मी स्वतः बघितलंय, पुण्याची गाडी, पाईप लावून चाकं धुतायत आणि समोरच्या पाखाडीवरून मी हंडा घेऊन चाललेय. 🙂

निवृत्त_शाखाअभियंता | १५ मे, रात्री ८.१५

दोघांचंही बरोबर आहे आणि एका वर्षावरून सिद्ध काहीच होत नाही, आदल्या वर्षीचा पाऊस लांबला होता तो पण धरायला पाहिजे. पण दिशा बरोबर आहे. पाणी माणसं मोजून जात नाही, तोट्या मोजून जातं. जल जीवनचं, म्हणजे घरोघरी नळाच्या योजनेचं, माप माणशी रोज ५५ लिटर. हे गावात राहणाऱ्या माणसांचं, शिरगणतीतल्या. शनिवार-रविवारी गावात दुप्पट माणसं असतात ती कुठल्याच आराखड्यात नाहीत. शहरात तोच माणूस १३५ लिटरच्या हिशोबाने जगतो आणि गावात येताना ती सवय घेऊन येतो.

पुळणकर | १५ मे, रात्री ९.००

काका हे सोनं आहे. मग सरकारने करायचं काय? टंचाई आराखडा दरवर्षी होतो ना?

निवृत्त_शाखाअभियंता | १५ मे, रात्री ९.५०

होतो, आणि त्यात वाईट माणसं बसलेली नसतात हे आधी सांगतो. ऑक्टोबर ते जून, तीन टप्पे. त्यात काय काय येतं : विंधन विहीर, नळयोजनेची विशेष दुरुस्ती, तात्पुरती पूरक योजना, विहिरीतला गाळ काढणे, विहीर अधिग्रहण आणि शेवटी टँकर. टँकरसाठी गावाचा प्रस्ताव, मग तहसीलदार आणि गटविकास अधिकाऱ्यांनी मिळून पाहणी, मग मंजुरी. टंचाईत माणशी २० लिटर. आता या यादीत बघा, प्रत्येक उपाय 'आणखी पाणी आणा' एवढाच आहे. आहे ते पाणी बिघडू नये याला रकाना नाही. कारण टंचाई महसूलच्या फायलीत आणि सांडपाणी जिल्हा परिषदेच्या स्वच्छतेच्या फायलीत.

पैसा नाही असंही नाही. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत मिळतात, मैला गाळाच्या प्रक्रियेला जिल्ह्यात माणशी २३० पर्यंत. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता. पण दीड हजार वस्तीच्या गावाला २८० ने गुणा, चार लाख वीस हजार. त्यात शोषखड्डेच होतात. आणि पुळणीत शोषखड्डा म्हणजे काय ते वर लिहिलं.

जल जीवन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं, २०२४ ला संपायचं होतं, २०२५ च्या अर्थसंकल्पात २०२८ पर्यंत वाढवलं. मधल्या काळात राज्यात ठेकेदारांची बिलं थकली, कामं अर्धवट. तुमच्या आईंची दोरी अजून काही दिवस राहील असं धरून चाला.

मांडवीकाठ | १५ मे, रात्री ११.१८

गोंयातून लिहितो. आमच्याकडे नळाला पाणी बऱ्यापैकी, पण किनाऱ्यावरच्या पट्ट्यात सांडपाण्याची तीच कथा, फक्त मोठ्या प्रमाणावर. पणजीला टोंकला प्रकल्प आहे, पण सगळ्या किनारी गावांत गटारवाहिनी कुठे आहे? सेप्टिक टँक उपसायला टँकर येतो, पैसे घेतो, आणि रात्री तो कुठल्या शेतात किंवा व्हाळात जाऊन मोकळा होतो हे गावातल्या कुत्र्यांना माहीत असतं, पंचायतीला नसतं. तुमच्याकडे अजून मैल्याचे टँकर फिरत नसतील तर आत्ताच नियम करून घ्या, आमच्यासारखे नंतर पळू नका.

ठाणेकर_७ | १६ मे, सकाळी ८.३०

मुंबईत तरी कुठे काय. वरळी आणि वांद्र्याला लांब पाईप टाकून समुद्रातच सोडतात. आता सात ठिकाणी सांडपाणी प्रक्रियेची नवीन केंद्रं बांधतायत, रोज २,४६४ दशलक्ष लिटरची म्हणे, २०२३ च्या जानेवारीत पंतप्रधानांनी भूमिपूजन केलं. ती होईपर्यंत मी पापलेट खाणं थांबवणार नाहीये.

खारेपाटची_लेक | १६ मे, सकाळी ८.४४

फरक एवढाच भाऊ, मुंबईचा मैला समुद्रात जातो तो मुंबईच्या पिण्याच्या पाण्यात येत नाही. तुमचं पाणी शंभर किलोमीटरवरून वैतरणा-भातसातून येतं. आमचा मैला आणि आमचं पाणी यांच्यात मध्ये फक्त एक माड असतो.

कातळवाटा | १६ मे, सकाळी ९.३०

लेकी, हे वाक्य कमानीवर लिहायला पाहिजे.

बाकी एक कायद्याचं. २०११ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत प्रक्रिया न केलेलं सांडपाणी किनारपट्टीत सोडायला बंदी होती आणि जे चालू होतं ते दोन वर्षांत बंद करा असं होतं. भरतीरेषेपासून २०० मीटरात भूजल उपसा फक्त स्थानिकांच्या स्वतःच्या वापरापुरता. पाहुण्याची अंघोळ हा स्थानिकाचा वापर का? माझा एक वकील मित्र म्हणतो यावर दोन दिवस भांडता येईल. 😀

होमस्टेवाला_अण्णा | १६ मे, सकाळी ११.०५

भांडा. पण मग त्याच कायद्याने बंद करायचं तर आधी सगळ्यात मोठी रिसॉर्टं बंद करा, सहा खोल्यांपासून सुरुवात नको. मला कुणी सांगितलंच नाही की पुळणीत शोषखड्डा चालत नाही. परवाना देताना ग्रामपंचायतीने घरपट्टीची पावती बघितली, पाण्याचं एक अक्षर नाही. काका, आता मी करू काय? खड्डा बुजवू?

निवृत्त_शाखाअभियंता | १६ मे, दुपारी १२.४०

बुजवू नका. तुमच्यासारखा सरळ विचारणारा माणूस कमी भेटतो म्हणून नीट सांगतो.

शेवटच्या कप्प्याचं पाणी जमिनीखाली न नेता जमिनीच्या वर आणा. चिऱ्याचा हौद, दोन-अडीच फूट खोल, तळाला आणि बाजूने सिमेंट, आत खडी-वाळू, वर कर्दळ, अळू. पाणी आडवं एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाऊ द्या, बाहेर पडेल ते माडांच्या आळ्यात, विहिरीच्या उलट दिशेला. आपल्या आज्या न्हाणीच्या पाण्यावर केळी आणि अळू लावायच्या, ते काही उगाच नव्हतं. संडासाचं आणि न्हाणीचं पाणी मात्र वेगळं करा, आहे त्या पायपात एक टी काढून होईल. टाकी तीन वर्षांनी उपसा, आणि उपसणारा कुठे ओततो ते गाडीमागे जाऊन बघा.

विहिरीवरची मोटर छोटी करा. अर्ध्या हॉर्सपॉवरची, सकाळी थोडी संध्याकाळी थोडी. एकदम उपसू नका. पाऊस पडला की छपराचं पाणी गाळून विहिरीजवळच्या खड्ड्यात सोडा, विहिरीत थेट नको, छपरावर कावळे बसतात.

सुपारीचं_फूल | १६ मे, दुपारी १.१५

काका एक विचारू का? टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं की बाटली काळी होत नाही ना? आमच्याकडे तपासणीच्या आदल्या दिवशी विहिरीत पावडर पडते, मग आमच्या पंचायतीला पाणी चांगलं असल्याचं हिरवं कार्ड.

निवृत्त_शाखाअभियंता | १६ मे, दुपारी १.३०

😊 हे मी लिहिलं नव्हतं, तुम्ही लिहिलंत. पाणी व स्वच्छता समितीत निम्म्या बायका असायलाच लागतात, तुम्ही आहात का त्यात? नसाल तर पुढच्या ग्रामसभेत नाव घाला. कार्ड वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर. तो दिवस तुम्हाला आधी कळेल.

सुपारीचं_फूल | १६ मे, दुपारी १.५२

मी आहे त्यात. मला आत्ता कळलं. मागे एकदा सही घेतली होती, बचत गटाची म्हणून.

मालवणी_माणूस | १६ मे, दुपारी २.१०

अभिनंदन वैनी!!

पुळणकर | २३ मे, रात्री ९.२५

अपडेट देतो. परवा परत गावी आलो. ऑनलाईन टीडीएस मीटर मागवला, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, पेनासारखा असतो. काकांनी खासगी निरोपात सांगितल्याप्रमाणे पहाटे मोटर सुरू व्हायच्या आधी घेतलं आणि मग सकाळी दहाला. पहाटे ७४०. दहाला १,६९०. मानकात ५०० पर्यंत चांगलं आणि दुसरा इलाज नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात, म्हणजे आमची विहीर चार तासांत त्या काठावर जाऊन येते. आईला दाखवलं तर म्हणाली, मीटर कशाला, मी पहिल्यापासून पिण्याचं पाणी कोंबड्याबरोबर भरते.

मग शेजारी गेलो, त्यांच्या पर्यटकांसाठी आठ खोल्या आहेत आणि आमच्या दोन्ही विहिरींत तीस पावलं अंतर. म्हटलं दोघांच्या मोटरी दोन दिवस बंद ठेवून बघू, आकडा कुठे येतो. चहा दिला, मीटर हातात घेऊन बघितला, स्वतःच्या विहिरीत बुडवला, बराच वेळ आकड्याकडे बघत बसले. म्हणाले बघू की, नक्की बघू, पण शनिवारी सगळ्या खोल्या बुक आहेत आणि सोमवारी पंचवीस जणांचा ग्रुप. पाऊस सुरू झाल्यावर ये.

निवृत्त_शाखाअभियंता | २३ मे, रात्री ९.४०

पाऊस सुरू झाल्यावर मीटर २०० दाखवेल. आकडे वहीत लिहून ठेवा, रोज पहाटेचे, तारखेसकट. आणि बाटली जुलैत परत लावा.